गाडी खाली, सफर मऊ : ठेंगण्या मोटारींच्या सस्पेन्शनचा इतिहास

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात एक कलम आले. पुढे ते २४००८ या क्रमांकाने कुप्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा : मोटारीत फेरफार करून तिचा कोणताही भाग, चाके वगळता, रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ आणता कामा नये. टायरमधली हवा जाऊन गाडी रिमवर बसली, तरी तिचे पोट रस्त्याला टेकू नये, हा त्यामागचा वरवरचा हेतू. वाचणाऱ्याला हे कलम सुरक्षिततेचे वाटते. पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये मात्र ते वेगळे वाचले गेले, कारण जमिनीलगत धावणाऱ्या मोटारी प्रामुख्याने त्यांच्याच होत्या.

दंडाच्या पावत्यांना कंटाळलेल्या रॉन आगिरे नावाच्या तरुणाने १९५९च्या सुमारास यावर तोड काढली. विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतले पंप, झडपा आणि दट्ट्ये त्याने आपल्या १९५६च्या शेव्हरोलेट कॉर्व्हेटला जोडले. स्विच दाबला की गाडी खाली बसे, पोलीस दिसले की पुन्हा स्विच दाबायचा आणि गाडी कायद्याला मान्य असलेल्या उंचीवर! ‘एक्स-सॉनिक’ या नावाने ती गाडी प्रदर्शनांमधून गाजली.

लोरायडर संस्कृतीचा इतिहास बहुधा इथून सुरू होतो आणि पोलिसांवर केलेल्या मातीच्या आनंदातच रमतो. परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. या तरुणांपैकी बहुतेकांकडे एकच गाडी असे. रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवर मिरवणारी मोटार सोमवारी सकाळी कारखान्याच्या दारात उभी करावी लागे. ती केवळ खाली बसून भागत नव्हते. रोज चालवण्याजोगी, पाठीला सोसवेल अशीही राहायला हवी होती. त्या वस्त्यांमधले स्पॅनिश घोषवाक्यच होते ‘बाहितो ई स्वावेसितो’, म्हणजे खाली आणि मऊ, अलगद. खाली आणि मऊ हे दोन शब्द एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न तेव्हाही दीडशे वर्षे जुना होता.

१८०४ साली लंडनमधला घोडागाड्यांचा कारागीर ओबादाया एलियट याने लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्याआधीच्या बड्या घोडागाड्यांत पुढची आणि मागची आस जोडणारी एक जाडजूड तुळई असे आणि बसण्याची पेटी तिच्यावर, उंच टांगलेली. एलियटच्या पाट्यांनी पेटी थेट आसांवर पेलली, तुळईची गरज संपली आणि गाडी हलकी झाली, खालीही आली. म्हणजे ज्या शोधाने हादरे कमी केले, त्यानेच गाडी ठेंगणी केली. आराम आणि ठेंगणेपणा यांचे हाडवैर आहे, ही समजूत सुरुवातीपासूनच अर्धवट ठरते.

मोटार आली आणि उंची पुन्हा वाढली. आसेवर पाटे, पाट्यांवर चासी, चासीवर बॉडी, बॉडीत खुर्च्या, अशी ती उतरंड होती. इंडियानापोलिसच्या अमेरिकन मोटार कार कंपनीने १९०७च्या आसपास ही उतरंड उलटी करून पाहिली : चासी आसांच्या खाली लोंबती ठेवली. ‘अंडरस्लंग’ नावाच्या त्या गाड्या दिसायला देखण्या होत्या. त्यांचे पोट दगडधोंड्यांवर घासू नये म्हणून चाके अवाढव्य ठेवावी लागली. १९१४पर्यंत कंपनी बुडाली.

खरा मार्ग सापडला तो तुरिनला. विन्चेन्झो लान्चा याच्या ‘लाम्ब्दा’ मोटारीने १९२२ साली स्वतंत्र चासी काढूनच टाकली. बॉडी हाच सांगाडा झाला, इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधल्या बोगद्यातून गेला आणि खुर्च्या त्याच्या दोन्ही बाजूंना खोल उतरल्या. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग मिळाली. गाडी खाली आली, पण चाकांच्या स्प्रिंगांची जागा कोणी हिरावून घेतली नाही. १९३४ साली सित्रोएनने ‘त्राक्सियाँ आवाँ’मध्ये पुढची चाके फिरवून तो दांडाही हटवला आणि गाडीचा तळ आणखी खाली नेला.

गाडी खाली आणण्याचे दोन मार्ग आहेत, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. एक, गाडीची रचनाच अशी करायची की माणसे खाली बसतील आणि चाकाला वर-खाली होण्याची मोकळीक तशीच राहील. दुसरा, तयार गाडी घ्यायची आणि ती मोकळीकच कापून उंची कमी करायची. पहिला मार्ग कारखान्याचा. दुसरा, जुनी गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा. आजही ‘खाली बसवलेली’ गाडी म्हणून जे काही विकले जाते, ते जवळजवळ सगळे दुसऱ्या मार्गाचे असते.

मोकळीक कापल्यावर नेमके काय बिघडते, हे थोड्या आकड्यांतून उमगते. स्प्रिंगवर पेललेले वजन एका ठरावीक लयीत हेलकावते. आरामशीर मोटारींत ही लय सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकावे इतकी असते. सेकंदाला एक हेलकावा हवा असेल, तर गाडीच्या नुसत्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबावी लागते. दीड हेलकाव्यांसाठी सुमारे ११ सेंटिमीटर, दोनसाठी जेमतेम ६. मऊपणाला जागा लागते, आणि गाडी खाली आणताना नेमकी तीच जागा खर्च होते. चाकाला वर उचलले जायला जागा उरली नाही की आस रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी स्प्रिंग कितीही उंची असो, गाडी बिनस्प्रिंगची बैलगाडी झालेली असते.

या विषयाला अंदाजाच्या पातळीवरून प्रयोगाच्या पातळीवर नेले मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने. रोल्स-रॉइसमधून तो १९३० साली डेट्रॉइटला कॅडिलॅकमध्ये आला. तिथे त्याने एक मोठी मोटार घेऊन तिच्या पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लटकवली. वजने हलवायची, स्प्रिंगा बदलायच्या, माणसे बसवून रस्त्यावर न्यायची आणि त्यांना कसे वाटते ते विचारायचे, अशी साधी पण चिकाटीची पद्धत होती. निष्कर्ष त्या काळच्या रिवाजाच्या उलट निघाला : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, ढोबळमानाने ३० टक्क्यांनी. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. मागच्या बाजूची लय थोडी जलद असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे डुलत नाही, सपाट राहते. १९३४च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची स्वतंत्र चाके आली, त्यामागे हे काम होते.

ऑलीचा हा नियम पुढे असंख्य गॅरेजांत नकळत मोडला गेला. पुढच्या दोनच स्प्रिंगा कापून नाक खाली झुकवलेली गाडी झोकदार दिसते खरी, पण तिची पुढची बाजू मागच्यापेक्षा ताठ होते आणि प्रत्येक सांध्यावर ती मान हलवू लागते. चालकाला वाटते, रस्ता वाईट आहे.

आता पुन्हा लॉस एंजेलिस. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या हाती थोडा पैसा होता आणि बाजारात १९३०-४०च्या दशकांतल्या जुन्या शेव्हरोलेट स्वस्तात मिळत होत्या. १९४३च्या जूनमध्ये याच शहरात ढगळ ‘झूट सूट’ घातले म्हणून अशा तरुणांना खलाशांनी रस्त्यात गाठून मारहाण केली होती. दिसण्यावरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे या पिढीला पुरते ठाऊक होते. गोऱ्या तरुणांच्या ‘हॉट रॉड’ गाड्या वेगासाठी बनत. यांनी नेमके उलटे ठरवले : हळू जायचे, जमिनीलगत जायचे आणि सगळ्यांनी पाहावे असे जायचे.

त्यांच्या हातात चार उपाय होते. सर्वांत स्वस्त उपाय डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकण्याचा. गंमत अशी की पोत्यांनी गाडी काही काळ खरोखरच मऊ होई. स्प्रिंग तीच, वजन अधिक, म्हणून हेलकाव्याची लय संथ. मोकळीक मात्र संपलेली असे, त्यामुळे जरा मोठा खड्डा आला की दणका. तोच उपाय सोमवारी पोती काढून रद्दही करता येई, हे त्याचे मोठेपण. दुसरा उपाय स्प्रिंगेचे वेढे कापण्याचा. तो आजही सर्वाधिक फसवा आहे, कारण वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते. आठपैकी दोन वेढे कापले, तर उरलेली स्प्रिंग मूळच्या सव्वापटीहूनही अधिक ताठ. तिसरा उपाय स्प्रिंग ज्योतीने तापवून बसवण्याचा. त्यात पोलादाचे पाणीच उतरते. चारही कोपरे एकाच उंचीवर बसले तर नशीब.

चौथा उपाय त्यांतला शहाणा. पाटा आणि आस यांच्या मधे लोखंडी ठोकळा बसवायचा. पाट्याला हात लागत नाही, त्याचा मऊपणा तसाच राहतो, कमी होते ती फक्त आसेवरची जागा. म्हणून चांगले कारागीर तिथेच थांबत नसत. आसेच्या अगदी वर चासीची दांडी अर्धचंद्रासारखी कापून, कडेने पोलाद जोडून ते आसेला वर यायला वाट करून देत. गाडीची उंची जिथे घेतली, तिथेच ती चाकाला परत द्यायची. कोणा अभियांत्रिकी महाविद्यालयात न शिकलेल्या वेल्डरने लान्चाचा धडा तयार चासीत गिरवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

या साऱ्यावर २४००८ हे कलम आले. ठोकळे, कापलेल्या चासी, तापवलेल्या स्प्रिंगा हे सगळे कायमचे बदल होते. पोलीस समोर आल्यावर ते लपवता येत नव्हते. आगिरेच्या यंत्रणेने उंची ही गोष्टच कायमची राहिली नाही. योगायोगाने १९५८ची शेव्हरोलेट इम्पाला बाजारात होती. तिची चासी फुलीच्या आकाराची, चारही चाकांना वेटोळ्या स्प्रिंगा. बॉडी मुळातच खाली उतरलेली आणि हायड्रॉलिकसाठी सोयीची. साठच्या दशकात इम्पाला ही लोरायडरांची लाडकी गाडी झाली, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या ‘ड्यूक्स’सारख्या क्लबांनी त्या छंदाला शिस्त दिली.

नेमके याच सुमारास अटलांटिकपलीकडे तीच कल्पना राजमार्गाने आली होती. ऑक्टोबर १९५५मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएनची ‘डीएस’ अवतरली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या नोंदल्या गेल्या. पॉल माजेस या अभियंत्याने तिच्या चारही चाकांवर पोलादी गोळे बसवले होते. गोळ्यात दाबाखाली नायट्रोजन, खाली तेल, मधे पातळ पडदा. वायू स्प्रिंगेचे काम करी आणि तेल उंची राखी. पाच माणसे बसली तरी पंप तेल भरून गाडी पूर्वीच्याच पातळीवर आणी. वजनाने स्प्रिंग दबून मोकळीक घटण्याचा प्रश्नच संपला. म्हणून वायूची स्प्रिंग अत्यंत मऊ ठेवता आली. आत उंची बदलण्याचा दांडाही होता. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ प्तिती-क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटलेले असतानाही चालकाने गाडी बाहेर काढली. या यंत्रणेची याहून मोठी जाहिरात कोणत्याही कंपनीला विकत घेता आली नसती.

त्या तुलनेत डेट्रॉइटची फजिती झाली. कॅडिलॅकने १९५७च्या एल्डोराडो ब्रूममध्ये आणि पाठोपाठ जनरल मोटर्सने इतर गाड्यांत हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन दिले. ते गळू लागले. सकाळी मालक बाहेर येई तो गाडी एका कोपऱ्यावर बसलेली. अनेकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा घातल्या. गाडी आपोआप जमिनीला टेकली म्हणून वैतागणारे मालक एकीकडे, आणि ती टेकावी म्हणून विमानाचे पंप जोडणारे तरुण दुसरीकडे, हे दृश्य इतिहासाच्या विनोदबुद्धीची साक्ष देते.

तरीही लोरायडर हायड्रॉलिक म्हणजे डीएस नव्हे. तेल दाबले जात नाही. दट्ट्यात नुसते तेल असेल, तर तो एक कडक खांब आहे. मऊपणा जो काही असतो तो दट्ट्यासोबत ठेवलेल्या मूळ स्प्रिंगेचा. उड्या मारण्यासाठी बांधलेल्या गाड्यांत त्या स्प्रिंगा आखूड आणि जाड असतात, म्हणून त्यांची रस्त्यावरची सफर हाडे खिळखिळी करणारी. रोज वापरायच्या गाडीला पुढे कारागिरांनी तेलाच्या नळीत नायट्रोजन भरलेले गोळे जोडायला सुरुवात केली. माजेसचेच तत्त्व, वेगळ्या दाराने आत आले. नंतरच्या दशकांत मालवाहू ट्रकांवर रुळलेल्या हवेच्या पिशव्याही छोट्या गाड्यांखाली आल्या. डेट्रॉइटला जे नीट जमले नव्हते, ते सुधारलेल्या रबरामुळे आणि झडपांमुळे गॅरेजात जमू लागले. खाली आणि मऊ या दोन्ही टोकांना न्याय देणारा उपाय आज शोधायचा, तर तो हाच. महाग, वजनदार आणि निगा मागणारा.

ज्यांना स्विच नको, फक्त दोन-तीन सेंटिमीटर कमी उंची आणि वळणावर थोडी पकड हवी, त्यांची परंपरा निराळी आहे. तिचे एक टोक इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनकडे जाते. त्याच्या लोटस मोटारी जमिनीलगत होत्या, तरी १९६२ची ‘एलान’ मऊ स्प्रिंगांसाठी ओळखली गेली. गाडी हलकी ठेवायची, चाकांना भरपूर मोकळीक द्यायची आणि हेलकावे आवरायचे काम नीट जुळवलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर सोपवायचे, ही त्याची रीत. ताठपणा म्हणजे पकड, हे समीकरण त्याने कधी मानले नाही.

दुसरे टोक जर्मनीत. १९७६ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय कारखान्यातूनच साध्या गोल्फपेक्षा किंचित खाली बसून आली आणि तिच्यासारखी दिसावी म्हणून हजारोंनी आपल्या गाड्या उतरवल्या. मात्र तिथे बदललेल्या स्प्रिंगा तपासणी संस्थेकडून मंजूर करून घ्याव्या लागत. कापलेली स्प्रिंग तिथे सोडून द्यायच्या लायकीची. या सक्तीतून चांगल्या वस्तू निपजल्या : सुरुवातीला मऊ आणि दबत जाताना ताठ होणाऱ्या स्प्रिंगा, कमी उंचीला जुळणारे आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हळूहळू दबत जाणारे फेसाळ पॉलियुरेथेनचे ठोकळे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने उंची मोजली. जर्मन नियमाने कामाची प्रत तपासली. दोन कायद्यांनी दोन वेगवेगळ्या कारागिऱ्या घडवल्या.

रोजच्या गाडीसाठी उतरते सस्पेन्शन निवडणाऱ्याने किती खाली, हा प्रश्न दुसरा ठेवावा. आधी पाहावे की चाकाला वर यायला किती जागा उरते. नुसत्या स्प्रिंगा बदलून जुनेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवले, तर ते ताठ झालेल्या स्प्रिंगेला आवरू शकत नाहीत आणि गाडी उड्या घेते. उंची बदलण्याची मळसूत्री सोय असलेल्या संचांतही भेद आहे : काहींत उंची कमी करताना स्प्रिंगेचे बूड खाली सरकते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा आत जातो, काहींत खालचा पायाच वर सरकतो आणि दांड्याची मोकळीक शाबूत राहते. दुसरा प्रकार म्हणजे त्या वेल्डरच्या अर्धचंद्राचा दूरचा नातलग. अर्थात चाक वर येताना आतल्या पत्र्याला लागणार नाही, हे तपासूनच. आणि पुढे-मागे सारखे उतरवावे, ऑलीचे प्रमाण बिघडू नये म्हणून.

कॅलिफोर्नियात पुढची लढाई रस्त्यांची झाली. मिरवत गाड्या चालवण्यावर शहरांनी बंदी घातली : सॅन होजेने १९८६ साली, नॅशनल सिटीने १९९२ साली. व्हिटियर बुलेव्हार्ड तर त्याआधीच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रात्री बंद होऊ लागला होता. हेसुस ऊर्फ जेसी वालादेस याची गुलाबांनी रंगवलेली १९६४ची इम्पाला ‘जिप्सी रोज’ २०१७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत राष्ट्रीय ठेवा म्हणून मांडली गेली, तेव्हा तिच्यासारख्या गाड्यांना घरच्या राज्यात कलम २४००८ लागू होतेच. सॅन होजेने बंदी २०२२ साली उठवली, नॅशनल सिटीने २०२३ साली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य विधिमंडळाच्या एबी ४३६ या विधेयकावर राज्यपालांची सही झाली आणि १ जानेवारी २०२४पासून रिमच्या कडेचे ते मोजमाप कायद्यातून गेले.

पोलिसांसाठी गाडी वर उचलण्याचे कारण आता उरलेले नाही. नॅशनल सिटीच्या हायलँड अव्हेन्यूवर इम्पाला आजही रांगेने, पोट रस्त्याला टेकवून उभ्या राहतात. मिरवणूक संपल्यावर घरच्या वाटेला लागताना त्यांचे चालक पुन्हा तोच स्विच दाबतात, कारण पूर्ण खाली बसलेल्या गाडीच्या चाकाला वर यायला जागाच नसते.